समोरचं दार

लशीच्या दुसऱ्या डोसनंतर दंड दुखायचा थांबला, तेव्हा शरयूताईंनी समोरच्या दाराची बेल वाजवली. मुक्तावहिनींचे यजमान कोरोनात गेले, त्याला वर्ष होत आलं होतं. एकाच मजल्यावर राहूनही शरयूताईंनी त्यांचं सांत्वन केलं होतं ते फोनवरच.

दार उघडून वहिनी सवयीनं मागे सरल्या.

“दोन्ही डोस झाले माझे,” शरयूताई घाईनं म्हणाल्या.

“माझेही. या ना.”

सोफ्याच्या दोन टोकांना बसून दोघी पाणीकपात, गुडघेदुखी, महागलेलं तेल यांवर बोलल्या. मग बोलणं संपलं. शरयूताई निघायला उठल्या, तशा वहिनी म्हणाल्या, “जरा जवळ बसता?”

शरयूताई शेजारी बसल्या. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“फोनवर नीट रडताच आलं नाही हो.”