अर्धवट राहिलेला आशीर्वाद

तोलोगोनने बायकोची पेटी दाराशी आणून ठेवली, तेव्हा त्याची आई बुरुलचा टीव्हीमागे वाकून वायर खोचत होती.

"भाऊ कधी पोचतोय तुझा?" तिने सुनेला विचारलं.

"दोलोनचा घाट उतरला की आलाच," केंजेगुल म्हणाली. नवऱ्यासारखी तीही सासूला 'आपा', म्हणजे आईच म्हणायची. "आपा, आत्ता टीव्ही कशाला?"

"तो येईपर्यंत बसा दोघं."

दोघं बसली, मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. आरडाओरडा झाला असता तर बुरुलचाला एवढा घोर लागला नसता. पण यांचं भांडण मुकं होतं, आणि असल्या भांडणाचं टोकच सापडत नाही. तिला एकच टोक दिसत होतं, लग्नाची कॅसेट.

त्या कॅसेटमध्ये तोलोगोनचे आजोबा तळवे पसरून आशीर्वाद देतात, सगळं वऱ्हाड तळवे पसरून ऐकतं, आणि 'ओमीन' म्हणून तळवे तोंडावरून फिरवायच्या आतच कॅसेट संपते. पुढे नुसता निळा पडदा. दर वर्षी घरातली माणसं ती बघायची आणि उघडे हात तसेच मांडीवर टेकवायची. आजोबा केव्हाच गेले होते. संसार बिनसला तो यामुळेच, हे बुरुलचाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून हिवाळाभर ती बाजारातल्या साबिरच्या स्टुडिओत ठाण मांडून बसली. घरातल्या सगळ्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला शिकली, मग तुकडे कापायला, मग जोडायला. एकदा तर अख्खं लग्नच पुसून टाकलं. साबिरने ते कसंबसं परत आणलं. "काकू, द्या इकडे, मी करतो," म्हणून त्याने हात पुढे केला की ती त्यावर चापट मारायची.

"आपा, कॅसेट संपली होती, आजोबा नव्हते थांबले," तोलोगोन आता वैतागून म्हणाला. "त्यांनी आशीर्वाद पुरा दिला होता."

"तू ऐकलास?"

तोलोगोनला आठवेना. त्या दिवशी त्याचं लक्ष नवरीकडे होतं.

"मग गप बस आणि बघ."

पडद्यावर आजोबा आले. डोक्यावर पांढरी उंच टोपी, मागे वऱ्हाड. त्यांनी तळवे पसरले, तसे या तिघांचेही सवयीने उघडले. "तुमच्या चुलीचा धूर सरळ वर जावो," आजोबा म्हणाले. "तुमच्या दारात पाहुण्यांच्या घोड्यांची दाटी होवो."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. केंजेगुल चुळबुळली, पण आशीर्वाद चालू असताना उठायचं नसतं.

"एकमेकांबरोबर म्हातारे व्हा," आजोबा म्हणाले, आणि त्यांची पांढरी टोपी एकदम नाहीशी होऊन कोल्ह्याच्या कातड्याची हिवाळी टोपी आली. वऱ्हाडही गेलं. मागे बर्फ होता, आणि शेजारी शर्यत जिंकून आलेला एक घामाघूम घोडा.

"आणि पुढच्या वर्षी याहून जोरात धाव! ओमीन!" आजोबा गरजले.

बुरुलचाने मनोभावे तळवे तोंडावरून फिरवले. त्या दोघांचे तळवे मात्र तोंडावरून खाली येईनात. खांदे गदगदत होते. रडताहेत बिचारी, असं वाटून तिलाही भरून आलं.

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला.

"आपा," तळव्यांआडून केंजेगुल कशीबशी म्हणाली, "पुन्हा लावा ना. थोडं मागून."