खोडावरची रेघ

“करवत लावायच्या आधी मला वर जाऊ द्या,” म्हणत माळी शिडीच्या खालच्या पायरीवर ठाण मांडून बसला. मुकादमाने कपाळाला हात लावला. कॉलेजच्या आवारातल्या त्या झाडाचा शेंडा विजेच्या तारांना भिडला होता. वरच्या निम्म्या फांद्या आजच उतरवायच्या होत्या, आणि साठीला आलेला हा गृहस्थ ऐन वेळी लहान मुलासारखा हटून बसला होता.

“काका, वर काय पुरून ठेवलंय?” दोर धरणाऱ्याने थट्टा केली.

“माझ्या मुलीची खूण आहे वर. तेवढा तुकडा मला काढून द्या, मग खुशाल कापा.”

थट्टा जागच्या जागी विरली.

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. सहा वर्षांची पोर रोज बापाच्या मागे मागे बागेत यायची. नुसतं शेपूट. एका सकाळी त्याने तिला या खोडाला पाठ लावून उभं केलं. तिने लबाडीने टाचा उचलल्या, त्याने दोनदा दटावून खाली टेकवायला लावल्या आणि कलमाच्या चाकूने सालीवर आडवी रेघ ओढली. पुढच्या वाढदिवसाला दुसरी ओढायची असं ठरलं होतं. त्याआधीच तापाने तिला नेलं.

चार वर्षं माळी या झाडाकडे फिरकला नाही. साहेबांना सांगून मागची बाग मागून घेतली. परत आला तेव्हा खोड वेलीने पार गिळलेलं. त्याने छातीच्या उंचीवर पानं बाजूला सारली, डोक्याच्या उंचीवर सारली. रेघ नव्हती. झाड मात्र चांगलंच उंच झालं होतं. तेव्हा रेघही वर गेली असणार, एवढं त्याला सरळ कळत होतं. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही कुणाला सांगितलं नाही. दर वर्षी नवी पालवी फुटली की तो मान आणखी थोडी वर करायचा आणि फांद्यांत काहीतरी शोधत राहायचा.

आरडाओरडा ऐकून वनस्पतिशास्त्राच्या बाई प्रयोगशाळेतून बाहेर आल्या. मुलं आत खोडाचे पातळ काप करत होती, तीही ब्लेड ठेवून मागोमाग आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाणी वर चढवणाऱ्या नळ्या, अन्न खाली आणणाऱ्या नळ्या, खोडाला ताठ उभं ठेवणाऱ्या ऊती, हे सारं त्या फळ्यावर झोपेतही काढू शकल्या असत्या. आज मात्र त्या अडखळत बोलल्या.

“काका, ती वर नाही मिळायची. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. नव्या पेशी तयार करणाऱ्या ऊती तिथे टोकाला असतात. खालचं खोड लांब होत नाही. सालीच्या आत दुसऱ्या ऊती असतात, त्या त्याला नुसतं जाड करतात. रेघ रुंद होईल, पण वर सरकणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही ओढलीत तिथेच आहे.”

माळी उठला. खोडापाशी जाऊन त्याने कमरेच्या जरा वरची वेल दोन्ही हातांनी ओढून काढली. वेल चिवट होती, बोटं सोलली. पानांखाली बोटभर जाडीचा, फुगीर, आडवा वण होता.

“सापडली!” मुकादम सगळ्यांच्या आधी ओरडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोर धरणारा तर स्वतःची मुलगी सापडल्यासारखा हसत होता. कापायचं ते वरचं, खालच्या रेघेला आता कुणी हात लावणार नव्हतं.

माळी गुडघ्यांवर बसला. रेघ आता बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याने तिच्यावरून हळूच हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. बाई जवळ येऊन वाकल्या.

“काय झालं काका? हीच ना?”

“हीच,” तो म्हणाला. “पण एवढीशीच आहे हो अजून. मला वाटलं होतं, एव्हाना माझ्याहून उंच झाली असेल.”