नणंदेची सही

टेबलावरच्या फोनमधून देवयानीच्या माहेरच्या गावातल्या बायका बोलत होत्या आणि ती समोर बसलेल्या समितीला वाक्यावाक्याचं इंग्रजी करून सांगत होती. वॉशिंग्टनच्या त्या खोलीत मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. दोन हजार पाचच्या कायद्याने मुलींना बापाच्या जमिनीत सारखा वाटा दिला, तरी बायका भावाला हक्कसोड का लिहून देतात, यावर तिची पीएचडी चालली होती. तिच्या रिसर्चवरून या समितीची भारत सरकारकडे शिफारस जायची होती: सही घेण्याआधी बहिणीला एकटीला विचारावं. पण गावाचं म्हणणं ऐकल्याशिवाय इथली मंडळी पुढे सरकणार नव्हती, म्हणून हा फोनचा खटाटोप.

जी ती बाई एकच सांगत होती. सही नाही दिली तर माहेर तुटतं.

आणि देवयानीच्या पर्समध्ये काय होतं? हक्कसोडीचाच कागद. वडील वारल्यावर तिच्या भावाने, संग्रामने, कुरिअरने पाठवलेला. उद्या जर्सी सिटीला परतलं की न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन ती सही करून टाकणार होती. जगाला शहाणपण शिकवणारी ही बाई स्वतः मात्र मुकाट निघाली होती, कारण भाऊ एकुलता एक आणि सुट्टीत जायला तेवढंच एक घर. ते गमवायची तिची छाती नव्हती. राग होता तो वहिनीवर. हे सगळं तिच्याच डोक्यातून निघालंय, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. सर्व्हेत तिने आपलं घर वगळलंच होतं. नात्यातल्यांना विचारायचं नाही असा नियम होता, आणि तो भलताच सोयीचा पडला. आजचा फोन मात्र सगळ्या गावाला खुला होता.

"वन्सं, मी रत्ना बोलतेय."

देवयानीने वहिनीचा आवाज ओळखला. आता वहिनी चारचौघांत कागदाचं विचारणार.

"हे शेजारीच बसलेत, त्यांच्यासमोर सांगते. माझा भाऊपण कागद घेऊन आलाय. मी अडून बसलेय. तो म्हणतो, तुझी अमेरिकेतली नणंद गपचूप सही देतेय, तू कोण मोठी लागून गेलीस? वन्सं, देऊ नका सही. तुम्ही दिलीत की मलाही द्यावी लागेल. आणि माहेराचं म्हणाल, तर या घरात चूल माझ्या हातात आहे. तुमचं ताट मी मांडीन."

देवयानीचे डोळे भरून आले. खोलीतले सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. झाकायचं तर काहीही झाकता आलं असतं.

"या बाई म्हणतायत," ती इंग्रजीत म्हणाली, "नणंदेने सही दिली, तर त्यांनाही आपल्या भावाला द्यावी लागेल."

अध्यक्षबाईंनी मान वर केली. "मग त्या नणंदेचं काय म्हणणं आहे? तिला विचारलंत का?"

देवयानीने फोन जवळ ओढला.

"वहिनी, मी सही देत नाही," ती म्हणाली. मग अध्यक्षबाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "ती नणंद मीच."