शेवटचं पाणी

एकाहत्तरच्या लढाईत श्रीहरीच्या तोंडात शेवटचं पाणी आपणच घातलं, हे त्याच्यासोबत लढलेले अप्पाजी दरवर्षी विद्यानगरात येऊन त्याच्या आईला सांगत. तेवढ्यावर अनसूयाबाई तीस वर्षं तगल्या होत्या.

सैनिकांच्या आठवणी जुन्या फोटोंशी ताडून पाहणाऱ्या भार्गवीने आज त्या दिवसाचा फोटो आणला. जखमी होऊन पाणी पीत होते ते अप्पाजी. आपल्या बाटलीतून पाजणारा श्रीहरी होता. लष्कराच्या नोंदीप्रमाणे थोड्याच वेळात तो गोळी लागून जागीच गेला.

“अव्वा, मला खरंच तसंच आठवत होतं हो!” अप्पाजी श्रीहरीच्या आईपुढे रडू लागले.

अनसूयाबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. “पी रे. नाथांनी गाढवाला पाजलेलं पाणीसुद्धा रामेश्वराला पोचलं. तू तर माणूस.”

मग पदर डोळ्यांना लावून त्यांनी हळूच विचारलं, “बाटलीत त्याच्यापुरतं काही उरलं होतं का रे?”