घासाआधीचा शंख

अंथरुणाला खिळलेल्या पार्वताबाईंचा नेम होता: अकोल्याच्या स्थानिक वाहिनीवर देवळातून थेट दाखवली जाणारी देवीची सायंआरती पाहावी आणि शंखनाद कानी पडल्यावरच अन्नाचा घास घ्यावा. शुल्काच्या वादातून डिश कंपनीने परवा ती वाहिनी बंद केली, आणि तेव्हापासून त्या निराहार होत्या.

आईच्या प्राणभयाने व्याकूळ झालेला किशोर कंपनीचा मेकॅनिक उद्धव याच्या दुकानात शिरला.

"चॅनेल काहून बंद केलं बे?"

"दादा, भांडण वरच्या लोकाईचं हाये. माह्या हातात काय हाये?"

"माही माय मरून राहिली, अन् तू मले कंपनी सांगतं?"

किशोरच्या पहिल्याच ठोशाने उद्धवचे ओठ फाटले, दुसऱ्याने पुढचे दात तुटले. रक्त छातीवर ओघळले, तरी प्रहार थांबेनात. अखेर शेजाऱ्यांनी किशोरला ओढून बाहेर काढले.

त्याच सायंकाळी वाद मिटला, वाहिनी सुरू झाली. किशोर घास हाती घेऊन आईच्या उशाशी बसला. आरती झाली, दीप ओवाळले गेले; शंख मात्र वाजला नाही.

पार्वताबाईंनी घासापासून मुख फिरवले.



"रोज तो डिशवाला उद्धव शंख फुकते रे. आज कुठी गेला तो?"