आल्याचा चहा

"लोहाची गोळी कशाबरोबर घेते ती?" कमलच्या रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवत शिबिराच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चहाबरोबर," तिचे प्रशिक्षक दौंडकर सर म्हणाले. उटीच्या थंडीत रोज पहाटे ते स्वतः आलं ठेचून चहा करायचे, फ्लास्क भरून मैदानावर न्यायचे आणि गोळी कमलच्या तळहातावर ठेवायचे. पाच आठवड्यांत एकही दिवस चुकला नव्हता.

बाईंनी रिपोर्टमधल्या आकड्यावर बोट ठेवलं. "चहासोबत लोह अंगी लागत नाही, सर. इतक्या उंचीवर राहून, पळूनही तिचं रक्त वाढलं नाही, ते बहुधा त्यामुळंच."

मॅरेथॉनची निवड चाचणी चार दिवसांवर आली होती. कमलला बत्तिसावं सरत होतं. पुढच्या खेपेला तिला कुणी बोलावणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

काखेत फ्लास्क धरून सर मैदानावर आले, तेव्हा ती शेवटची फेरी संपवून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. पहिल्या आठवड्यापेक्षाही आज जास्त वेळ लागला होता.

"तुम्ही माझ्यासाठी काय कमी केलंत, सर?" ती म्हणाली. "माझ्यातच दम राहिला नाही."

खरं ते सांगायला सरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं सवयीनं हात पुढे केला.

त्यांनी गोळी खिशातच राहू दिली आणि कप काठोकाठ भरून तिच्या हाती दिला. आता चहानं बिघडावं असं काही उरलंच नव्हतं.