बसायचं काम

कळंबच्या एका रिसॉर्टवर येसाजी आणि भागूबाईला शनिवार-रविवारचं काम लागलं. चार ते सहा सारवलेल्या ओट्यावर बसायचं, बशीतून चहा प्यायचा आणि एकमेकांशी बोलायचं. मुंबईच्या पाहुण्यांना गावचं जोडपं बघायचं होतं.

पहिल्याच दिवशी भागूबाईने तांदूळ निवडायला घेतले. मॅनेजर धावत आला. "आजी, काम नाही करायचं. नुसतं बसायचं."

"नुसतं? मग हात कुठं ठेवू?"

चाळीस वर्षांच्या संसारात दोघं असे कधी बसलेच नव्हते. येसाजीने भातशेतीचं बोलणं काढलं, ते दहा मिनिटांत संपलं. मग त्याने विचारलं, "चहात साखर बरोबर हाय ना गं?"

"मी बिनसाखरेचा पिते. बारा वरसं झाली."

येसाजीला घाम फुटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

हळूहळू भागूबाई बोलायला लागली. पण सहा वाजले की वाक्य अर्धं टाकून उठायची. ड्युटी संपली. एका रविवारी ती सांगत होती, की सातव्या वर्षी ती जत्रेत हरवली होती. पुढे काय झालं ते सांगणार, तेवढ्यात सहा वाजले.

शनिवारपर्यंत येसाजीला दम निघेना. सोमवारी त्याने स्वतः चहा केला, घरच्या ओट्यावर बसला आणि तिला हाक मारली.

"अवं, आज सोमवार. आज कोण बगनार हाय आपल्याला?"

"मी बगतो ना तुला."

भागूबाई दारातच थबकली.

"मग वाईच थांबा. केस इंचरून येते."